तिसरी हाक

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली, चंपाषष्ठी चार दिवसांवर आलेली असताना, आसराबाईनं पितळी चरवी चिंच-राखेनं घासायला घेतली आणि अर्ध्यातच हात थांबवला. समोर तिची नात केशर शाळेसाठी वेणी घालत बसली होती. लाल रिबीन दातांत धरून, आरशाशिवायच. रिबीन तोंडातून काढून ती म्हणाली,

"आजी, ही चरवी यंदा माझ्या डोक्यावर देणार म्हणे."

"कोण म्हणलं?"

"भुजंगकाकाची पोरगी. वर्गात सगळ्यांसमोर. म्हणली, आता तुला केशर म्हणायचं न्हाई, जयवंता म्हणायचं."

आसराबाईनं राखेची चिमूट उचलली आणि चरवीचा घासून लख्ख झालेलाच भाग पुन्हा घासायला लागली.

कोटजवळा हे गाव केदारखेड्याच्या पुढं, पूर्णेच्या वळणावर. आता तिथं कोट म्हणावा असं काही उरलेलं नाही. त्या काळी मात्र पूर्वेची वेस उभी होती, दोन बुरूज होते, आणि वेशीच्या मोठ्या दरवाजातली माणूसभर उंचीची दिंडी अजून उघडत-मिटत होती. म्हातारी माणसं सांगत की कधीकाळी ही नांदती पेठ होती. चहूबाजूंनी कोट, दोन अंगांनी नदी, आत किल्लेदार, दारूगोळा, धान्याची पेवं. मग मुलुखात धामधूम माजली आणि एक फौज येऊन कोटाला वेढा घालून बसली. फौज कोणाची, यावर गावात कधी एकमत झालं नाही. कोणी मोगलांची म्हणे, कोणी विजापूरची. ज्याला ज्याचा राग, तो त्याचं नाव घेई. पावसाळा गेला, दिवाळी गेली, कोट काही पडेना. शेवटी फौजेनं डेरे उपटले आणि ती चालती झाली. धुरळा दिसेनासा होईपर्यंत लोक बुरजांवर उभे होते. मग गुळाचे खडे वाटले गेले आणि पहारे सैल पडले.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. तांबडं फुटायच्या वेळेला कोटाखालच्या धनगरवस्तीतली जयवंता नावाची बाई खंडोबाच्या नैवेद्याचं दूध घेऊन दिंडीपुढं आली. मागं तिचा मेंढरांचा कळप. तिनं तीन हाका मारल्या, "देवाचं दूध हाय, दार उघडा!" देवाचं दूध माघारी कसं धाडायचं? दिंडी उघडली, आणि कळपातली निम्मी मेंढरं दोन पायांवर उभी राहिली. घोंगड्या पांघरून, गुडघ्यांवर रांगत आलेले फौजेचे शिपाई होते ते. सूर्य कासराभर वर यायच्या आत कोट पडला. किल्लेदार वेशीतच कापला गेला, पेठ लुटली. पाटलांचं वतन तेवढं नव्या धन्यानं पाटलांकडंच ठेवलं. ते का ठेवलं, हे गोष्ट ऐकताना कोणी विचारत नसे.

ही झाली गोष्ट. तिची पुढं रीत पडली. दर चंपाषष्ठीला पहाटे जयवंतेच्या कुळातल्या बाईनं दुधाची चरवी डोक्यावर घेऊन दिंडीपुढं यायचं. मागं खरी मेंढरं, आणि त्यांच्यात घोंगड्या पांघरून रांगणारी गावातली पोरं. आत वेशीपाशी सगळ्या गडीमाणसांनी दाराकडं पाठ करून उभं राहायचं, हातात अंबाडीच्या वाळल्या काड्या. बाईनं तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेला अडसर सरकायचा. तो कोण काढतं, हे कोणी बघायचं नाही. खरं तर पाटलांच्या घरची मोठी बाई काढते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पाठ केली की न बघितल्यासारखं होतं. दार उघडताच पोरं ओरडत आत घुसायची, त्या गलक्यात पाटलीण दाराआड व्हायची, आणि मग गडी वळून दारातल्या बाईवर काड्या फेकायचे. "फितूर! फितूर!" बाईनं उंबऱ्यावर दूध ओतायचं आणि खालमानेनं निघून जायचं. दुपारी तिला एक लुगडं, पायलीभर ज्वारी. आणि वर्षभर कोटाच्या सावलीला मेंढरं बसवायला वाडग्याची जागा. याला गावात मान म्हणत.

आणखी एक होतं. वेशीच्या चढावर, वाटेच्या कडेला, जयवंतेचा धोंडा होता. येणारा-जाणारा त्याला एक खडा मारून पुढं जाई. खड्यांचा हा ढीग. आसराबाई नवी नवरी म्हणून आली, तेव्हा सासूनं तिला पहिली गोष्ट ती शिकवली होती. "आपला खडा आधी मारायचा. मंग लोक आपल्याकडं बघत न्हाईत."

त्याच वर्षी तिनं पहिल्यांदा चरवी घेतली. काड्या हलक्या असतात, लागत नाहीत. एका वर्षी कोणाच्या तरी हातात काडीच्या जागी ढेकूळ आलं आणि तिची भुवई फुटली, तेवढंच. लागलं ते नाव. आसरा ही कोणाला आठवेनाशी झाली. विहिरीवर, बाजारात, भोकरदनच्या दवाखान्यात गावचं माणूस भेटलं तर तिथंही, ती जयवंता. पोरं सहज म्हणायची, "जयवंतामाय, विस्तव देती का?" त्यात वाईट हेतूही नसायचा. वाईट वाटायचं ते त्याचंच.

संध्याकाळी भुजंग वाडग्यापाशी आला. पाटलांचा चुलतभाऊ, गावातल्या सगळ्या कामांत पुढं. मेंढरं दाटीवाटीनं बसलेली बघून त्यानं नाकाला उपरणं लावलं.

"राधाकिसन, पाटलानं सांगून धाडलंय. यंदा पोरगी येऊ दे."

राधाकिसन, आसराबाईचा मुलगा, कोकराचा पाय बघत होता. त्यानं मान वर केली नाही.

"माय हाय की अजून."

"तिचे गुडघे गेले बाबा. गेल्या साली चढ चढता चढता दिस उगवला. पोरं घोंगड्यात आखडून गेली. यंदा जालन्याहून पाव्हणे येऊन राह्यलेत, बियाण्याचे व्यापारी, फोटोवाला बी आणणार हाय पाटील. असं लंगडत चालत असतं व्हय?"

"पोरगी धाव्वीला हाय, भुजंगराव."

"मंग? धाव्वीच्या पोरीला डोकं नसतं का चरवी ठेवायला?" भुजंग आपल्याच बोलण्यावर हसला. "हे बघ, मान हाय तो. नको असंल तर तसं सांग. मान सोडला का जागा बी सुटली. बराबर हाय का न्हाई?"

तो गेल्यावर राधाकिसन बराच वेळ कोकराचा पाय धरून बसला. दिवाळी होताच बाकीच्या वस्त्यांचे कळप अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात गेले होते. याचा कळप दरवर्षी चंपाषष्ठीसाठी अडकून पडायचा आणि मागाहून जाऊन दुसऱ्यांनी चरलेल्या रानात उरलंसुरलं खायचा.

"माय, जागा गेली तर मेंढरं कुठं बसवू?"

"म्या काय म्हणले का तुला काही?"

"म्हणली न्हाई. पर चरवी घासताना तुझं तोंड बघितलं म्या."

आसराबाई उठली. उठताना तिनं गुडघ्यावर हात दाबला, आणि मुलगा बघतोय म्हणून तो लगेच काढला.

दुसऱ्या दिवशी ती पाटलांच्या घरी गेली. काकासाहेब पाटील घरी नव्हते, हे बघूनच गेली. त्यांची आई साळूबाई ओसरीवर रोडग्यांसाठी बाजरी पाखडत बसली होती. आसराबाई अंगणात उभी राहिली.

"पाटलीणबाई!"

सूप हलत राहिलं. साळूबाईला ऐकू येईनासं होऊन चार-पाच वर्षं झाली होती. ओसरीवर चढून खांद्याला हात लावायची सोय नव्हती. आसराबाई उन्हात दोन पावलं सरकली. तिची सावली सुपात पडली तेव्हा साळूबाईनं वर बघितलं.

"काय गं जयवंते? जल्दी आलीस. लुगडं चंपाषष्ठीला मिळत असतंय."

"लुगड्यासाठी न्हाई आले. पोरीचं बोलायचंय."

"काय?"

"पोरीचं! केशरचं!"

"मोठ्यानं बोल. तोंडात काय पुटपुटतीस?"

जे कानाशी सांगायचं म्हणून ती आली होती, ते सगळं तिला भर अंगणात ओरडून सांगावं लागलं. चुलीपुढच्या सुनांचे हात थांबले. गोठ्यातला गडी शेणाची पाटी घेऊन तिथंच थबकला.

"एकदा नाव लागलं का जन्माचं लागतंय! उद्या कोण करून घेईल तिला? मपलं झालं ते झालं. पोरीला सोडा. काकासाहेबाला सांगा तुम्ही!"

साळूबाईनं सूप खाली ठेवलं. तिच्या मनगटावर गोंदलेली तुळस होती, हिरवी पुसट झालेली. आसराबाईनं ही तुळस तिच्या नवऱ्याच्याही आधी ओळखली असती. दर चंपाषष्ठीला दिंडी उघडताना फटीतून आधी तेवढीच दिसायची. आधी हिरव्या बांगड्यांच्या खाली, पुढं थोरले पाटील वारल्यावर नुसतीच.

"रीत हाय ती," साळूबाई म्हणाली. "तुझ्या सासूनं केली, तू केलीस. मेलीस का?"

"मेले न्हाई."

"मंग? तुझं निदान नाव तरी घेतेत. वाईट का हुईना, घेतेत. एवढी वर्षं म्या त्या दारामागं उभी राहून राह्यले, कोणाला दिसले का कधी?"

आसराबाईची नजर पुन्हा त्या तुळशीवर गेली.

"आपुन दोघी एकाच सालच्या लग्नाच्या," साळूबाई म्हणाली. आवाज स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळं तो मोठा होता, सगळ्या घराला ऐकू जाणारा. "तू बाहीरून, म्या आतून. माझ्या हाती काय हाय गं?"

आणि तिनं सूप पुन्हा उचललं. मनगटावरची तुळस वर गेली, खाली आली.

चंपाषष्ठीला पहाटे नदीवरून धुकं वर चढत होतं. केशरनं डोक्यावर चुंबळ ठेवली, राधाकिसननं तिच्यावर चरवी ठेवली. तिनं शाळेच्या पोलक्यावर आजीचंच जुनं लुगडं गुंडाळलं होतं आणि ते तिच्या पायात येत होतं. मागं मेंढरं, मेंढरांत भुजंग आणि त्याच्याबरोबरची पोरं, घोंगड्या पांघरून. भुजंगचं आता रांगायचं वय राहिलं नव्हतं, पण पाहुण्यांसमोर पुढारपण दुसऱ्याला द्यायला तो तयार नव्हता.

"अरे, ही मेंढी मला लाथा मारून राह्यली," अंधारातून कोणीतरी म्हणालं.

"तुला वळखलं असंल तिनं," दुसरा म्हणाला, आणि घोंगड्यांखाली हशा पिकला.

चढावर जयवंतेच्या धोंड्यापाशी केशर थांबली. सवयीनं तिनं खडा उचलायला हात खाली नेला, पण चरवीमुळं वाकता येईना.

"आजी, एक विचारू?"

"चाल."

"दिंडीचा अडसर आतून असतो ना?"

"हाव."

"मंग जयवंतेनं कसा काढला?"

आसराबाईनं नातीच्या डोक्यावरची चरवी उचलली, चुंबळ उचलली आणि दोन्ही आपल्या डोक्यावर ठेवली.

"आजी, पाटील..."

"पाटील तिकडं तोंड करून उभा हाय. तू मागं हो. मेंढरांच्या बी मागं. बापाजवळ."

तेवढा चढ ती कशी चढली ते तिचं तिला ठाऊक. दिंडीपुढं पोचली तेव्हा पूर्वेला नुकती लाली धरत होती. दाराच्या पलीकडं माणसांची कुजबुज, खोकणं, काड्यांची सळसळ ऐकू येत होती. मग काकासाहेबांचा आवाज आला, "पाठी करा रे." कुजबुज थांबली. चपला मातीत घासल्या. सगळे वळले.

आता हाक मारायची.

आसराबाई उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी अडसर दुसऱ्याच हाकेला सरकला होता. गेल्या साली पहिली हाक तिच्या तोंडात होती तेवढ्यात. तेव्हा तिनं त्याचा फार विचार केला नव्हता. विचार या चार दिवसांत केला, चरवी घासताना.

दुधाची चरवी डोक्यावर जड होत चालली. गुडघ्यात कळ आली. तिनं ओठ मिटून घेतले.

"अय जयवंतामाय," मागून भुजंगची दबकी हाक आली. "हाक दे ना! गुडघे सोलून निघाले इथं."

ती हलली नाही.

"झोप लागली का काय हिला? अय!"

एक मेंढी ओरडली. धुक्यातून नदीच्या पलीकडं कोंबडा आरवला. आणि दाराच्या आत, लाकडावर लाकूड घासत, अडसर सरकला.

दिंडी करकरत उघडली. आधी मनगटावरची तुळस दिसली, मग हात, मग अख्खी साळूबाई. हाक झाली नव्हती म्हणून पोरं घुसली नव्हती. पोरं घुसली नव्हती म्हणून तिला दाराआड व्हायला गलका नव्हता. ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली, जयवंता दारात येईल म्हणून वाट बघत. जयवंता आली नाही. दोघी हातभर अंतरावरून एकमेकींकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्या दारात एकमेकींचं तोंड त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

आतल्या लोकांनी करकर ऐकली. दार उघडलं की वळायचं आणि फेकायचं, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक होतं. ते वळले आणि त्यांनी फेकलं.

"फितूर! फितूर!"

काड्या साळूबाईच्या पाठीवर, डोक्यावरच्या पदरावर, खांद्यावर पडल्या. एक तिच्या कानाशी अडकून लोंबत राहिली. पाटलांनी आणलेल्या फोटोवाल्यानं दिवा लखकन उडवला. मग ज्यांना पुढचं दिसलं त्यांचे आवाज थांबले, आणि ज्यांना दिसलं नव्हतं ते आणखी थोडा वेळ ओरडत राहिले.

काकासाहेब पुढं आले. त्यांनी आईच्या कानाशी अडकलेली काडी काढली आणि ती कुठं ठेवावी हे न कळून हातातच धरली.

"आई, हाक कुठं झाली? दार कसं उघडलंस?"

साळूबाईनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"हाक! हाक न्हाई झाली!" त्यांनी ओरडून सांगितलं.

साळूबाईनं आतल्या गर्दीकडं बघितलं. दिरांची पोरं, जावई, जालन्याचे पाहुणे. ती दारात असताना सगळे पहिल्यांदाच तिकडं तोंड करून उभे होते. मग तिनं बाहेर आसराबाईकडं बघितलं. आसराबाईला वाटलं ती आता काही बोलेल. बोललीही.

"झाली," साळूबाई म्हणाली. "तिनं मारली हाक. तीनदा. म्या ऐकली."

साळूबाईला कानाशी ढोल बडवला तरी ऐकू येत नाही, हे त्या वेशीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आदल्या दिवसापर्यंत तिच्याच घरात त्यावर चेष्टा चालत.

मेंढरांतून भुजंग उभा राहिला. घोंगडी खांद्यावरून घसरली. आसराबाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"हाव, मारली की," तो म्हणाला. "म्या तर मागंच व्हतो. धुक्यानं आवाज दबला, तेवढंच."

"मला बी आली ऐकू," आतून कोणीतरी म्हणालं.

"तिसरी तर बिलकुल साफ आल्ती."

"तेच म्हणतो मी," काकासाहेब म्हणाले, आणि हातातली काडी त्यांनी नीट धरली. "बराबर. आल्ती."

"खोटं!" मागून केशर ओरडली. "आजीनं तोंडच न्हाई उघडलं! भुजंगकाका, तुम्हीच म्हणत व्हते ना, हाक दे म्हणून?"

राधाकिसननं तिच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट ठेवला. पोरीच्या दातांखाली त्याचं बोट आलं, तरी काढला नाही.

आतल्या काही हातांत अजून काड्या शिल्लक होत्या. कोणीतरी साळूबाईला हलकेच बाजूला घेतलं. दारात आता आसराबाई दिसत होती, नेहमीसारखी. पहिली काडी कोणी फेकली ते कळलं नाही. त्यामागून बाकीच्या आल्या. या वेळी आरडाओरडा नव्हता. मुकाट्यानं फेकून झालं.

उंबऱ्यावर दूध ओतायचं होतं. आसराबाईनं ओतलं नाही. ती वळली आणि चरवी तशीच डोक्यावर घेऊन मेंढरांतून वाट काढत चढ उतरू लागली. केशर बापाचा हात झिडकारून तिच्यामागं गेली.

धोंड्यापाशी म्हातारी थांबली. केशरनं सवयीनं खडा उचलला.

"टाक तो," आसराबाई म्हणाली.

"मारू न्हाई?"

"खाली टाक."

तिनं चरवी उतरवली. दोन्ही हातांनी धरून, सावकाश, ते सगळं दूध तिनं जयवंतेच्या धोंड्यावर ओतलं. दूध खड्यांच्या ढिगातून झिरपत खाली गेलं. चरवी उपडी करून तिनं शेवटचा थेंबही निथळू दिला, आणि मग पदरानं धोंड्यावरची माती पुसली, आजारी माणसाचं तोंड पुसावं तशी.

वर वेशीपाशी येळकोटाचा गजर सुरू झाला होता.

पुढच्या दसऱ्याच्या आतच वाडग्याची जागा गावानं काढून घेतली. तिथं सभागृह बांधलं. राधाकिसननं मेंढरं विकली आणि तो जालन्याला गेला, एमआयडीसीत लोखंडाच्या सळया टेम्पोत भरायच्या कामावर लागला. कोणी गाव विचारलं तर तो केदारखेडा सांगायचा.

आसराबाई तिथं चार वर्षं जगली. खोलीशेजारच्या बायका तिला आसरामाय म्हणत. पहिल्यांदा तशी हाक आली तेव्हा ती मागं वळून बघायला लागली, ही कोणाला बोलावतेय म्हणून.

काकासाहेबांनी पुढं नवीन जालन्यात स्टेशनजवळ बियाण्याची पेढी घातली, बंगला बांधला. ते चंपाषष्ठीला तेवढे गावी येत. भुजंग सरपंच झाला. दरवर्षी भाषणात तो सांगे की सत्त्याऐंशी साली आपण स्वतः त्या हाका ऐकल्या, आणि दरवर्षी त्या हाका थोड्या मोठ्या होत गेल्या. आता जयवंता म्हणून लुगडं नेसलेला गडी असतो आणि हाक लाउडस्पीकरवर लावतात. शेजारच्या गावालाही ऐकू जाते. दिंडी रस्त्याच्या रुंदीकरणात पाडली. धोंडा डांबराखाली गेला.

साळूबाई आसराबाईच्याही मागं उरली. घरात कोणीही नवं माणूस आलं की ती न विचारताच सांगायची, "हाक आल्ती बरं. तीनदा." शेवटच्या दिवसांत तिला घराचं दार लावलेलं चालत नसे. सुना लावायच्या, ती भिंत धरत धरत जाऊन उघडून यायची.

केशर दहावी झाली, पुढं नर्स झाली. नव्याण्णव साली पोलिओच्या डोसासाठी तिच्याकडं कोटजवळा गाव आलं. सोबतची अंगणवाडीची बाई प्रत्येक घरापुढं खणखणीत हाक मारायची. केशर मारत नसे. ती पुढं होऊन नुसती कडी वाजवायची.

पाटलांच्या घरीही तिनं कडी वाजवली. आतून कोणीतरी "कोण हाय?" म्हणून विचारलं. ती गप्प राहिली. थोड्या वेळानं अडसर सरकला. काकासाहेबांची धाकटी सून, कडेवर लेकरू घेऊन, दारात उभी होती.

"हाक तरी मारायची, ताई. म्या मागल्या दारी व्हते."

"उघडलं ना तुम्ही," केशर म्हणाली, आणि लेकराचे गाल दाबून तिनं त्याच्या तोंडात दोन थेंब सोडले.